निळी अंडी हवीत? मग आधी कोंबडा बघा

आमच्याकडे कोणी नवीन आलं की ओट्यावरचा अंड्यांचा ट्रे बघून पहिला प्रश्न ठरलेला, "ही रंगवलीत का गं?" ट्रेमध्ये दोन-तीन आकाशी, चार-पाच मेंदीच्या पाल्यासारखी हिरवट आणि बाकीची नारळाच्या करवंटीसारखी गडद. मी काही बोलत नाही, एक आकाशी अंडं ऑम्लेटसाठी फोडते आणि कवच हातात देते. आतूनही निळं. मग करवंटीवालं फोडते, ते आतून जवळजवळ पांढरं. बाकीच्यांसाठी ही गंमत, पण ज्यांना घरी रंगीत अंड्यांच्या कोंबड्या तयार करायच्यात त्यांनी ही दोन कवचं नीट बघून ठेवा, पुढचं सगळं ह्यावरच चालतं.

निळा रंग बिलिव्हर्डिन नावाच्या द्रव्याचा, तो कवच बनतानाच आरपार मुरतो. तपकिरी रंग प्रोटोपॉर्फिरिनचा, तो मुख्यतः शेवटच्या काही तासांत वरून चढतो, भिंतीला गेरूचा हात मारावा तसा. अंडं नुकतंच घातलेलं, ओलं असेल तर हा गेरू नखानेसुद्धा निघतो. आता भिंतच निळी असेल आणि वर गेरूचा पातळ हात बसला तर अंडं हिरवं दिसतं, जाड बसला तर ऑलिव्ह. म्हणजे हिरवा असा वेगळा रंगच नाही, निळं अधिक तपकिरी बरोबर हिरवं. चवीत, पौष्टिकतेत काडीचा फरक नाही, कोणी निळं अंडं औषधी म्हणून विकत असेल तर पुढे चला.

हे दोन रंग पुढच्या पिढीत जातात ते मात्र अगदी वेगळ्या रीतीने. निळ्याचा जीन एकच आहे आणि तो प्रबळ आहे, आई किंवा बाप कोणाकडूनही एक प्रत आली तरी अंडं निळं किंवा हिरवं होणार. एका जुन्या व्हायरसचा तुकडा कोंबडीच्या डीएनएत घुसून बसला त्यातून हा रंग आला असं २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, आणि गंमत म्हणजे चिलीतल्या मापुचे लोकांच्या कोंबड्यांत आणि चीनमधल्या कोंबड्यांत तो वेगवेगळा घुसलाय, एकमेकांचा संबंध नसताना. तपकिरीचं तसं नाही. त्यात बरेच जीन थोडा थोडा हात लावतात, माणसाच्या उंचीसारखं, उंच आई आणि बुटका बाप असला की पोरं मधलीच कुठेतरी.

आणि ह्या सगळ्यात अर्धा वाटा कोंबड्याचा, जो जन्मात एकही अंडं घालत नाही. कोंबडीचं अंडं समोर दिसतं, कोंबड्याचं दिसत नाही, आणि नव्वद टक्के लोक (पहिल्या वर्षी मीपण) तुरा, पिसं, रुबाब बघून कोंबडा आणतात.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो, रॉलीपासून लांब, शहराच्या हद्दीबाहेर, म्हणून कोंबडा ठेवता येतो. इथे बऱ्याच शहरांत कोंबड्या चालतात पण कोंबडा चालत नाही, तेव्हा पहिलं काम म्हणजे आपल्या गावाचा आणि सोसायटीचा नियम वाचणे, पहाटे साडेचारला शेजाऱ्याचा फोन येण्याआधी. माझ्याकडे तेव्हा पाच मारान्स कोंबड्या होत्या, फ्रान्समधल्या मारान्स गावाच्या नावाची जात, गडद अंड्यांसाठी प्रसिद्ध. त्यांच्यावर निळ्या जातीचा कोंबडा सोडला की पहिल्याच पिढीत सगळ्या ऑलिव्ह, इतकं वाचलेलं होतं. एका माणसाकडून अमेरॉकाना (निळ्या अंड्यांची एक जात) म्हणून एक कोंबडा घेतला, दाढी-मिशा भरघोस, पाय पाटीच्या रंगाचे, तुरा वाटाण्याच्या शेंगेसारखा बसका, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. नाव ठेवलं बाजीराव. त्याच्या सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या पोरी, वाढवल्या, सात महिने दाणा घातला, आणि तिघींनी हिरवी अंडी दिली, तिघींनी साधी तपकिरी, दुकानात मिळतात तशी.

झालं काय होतं, तर बाजीराव शुद्ध अमेरॉकाना नव्हताच, ईस्टर एगर होता. ईस्टर एगर ही जात नाही, निळ्याचा जीन कुठूनतरी मिळालेली मिश्र कोंबडी म्हणजे ईस्टर एगर. पाळायला छान, अंडीही देतात, पण त्यांच्याकडे जीनची एकच प्रत असू शकते, आणि मग निम्म्या पोरींना ती मिळतच नाही. पिल्लं विकणाऱ्या हॅचऱ्या पण अमेरॉकानाशी मिळतंजुळतं नाव लावून सर्रास ईस्टर एगर विकतात, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे. विचारायचं एकच, ह्याच्या आईचं अंडं दाखवा, आणि जमलं तर ह्याच्या बहिणींचीपण दाखवा. दाखवायला टाळाटाळ केली की समजा.

हिशोब सोपा आहे, कागदावर एकदा मांडा. निळ्याच्या दोन प्रती असलेला कोंबडा कुठल्याही कोंबडीवर सोडा, सगळ्या पोरी निळं नाहीतर हिरवं घालणार, शंभर टक्के. एक प्रतवाला असेल आणि कोंबडी तपकिरीवाली, तर निम्म्या हिरव्या निम्म्या तपकिरी. एक प्रतवाला गुणिले एक प्रतवाली, म्हणजे आपल्याच ऑलिव्ह पोरींवर त्यांचाच भाऊ, तर चारातली एक तपकिरीवर जाते, आणि भाऊ-बहीण तसंही करू नये. ऑलिव्ह अजून गडद पाहिजे असेल तर ऑलिव्ह पोरीवर परत मारान्स कोंबडा घालायचा, तिथे निम्म्याच पोरींना निळ्याचा जीन जाणार पण ज्यांना जातो त्यांचं अंडं बघण्यासारखं होतं. उलट मोरपंखी, पुदिना असले फिके रंग पाहिजेत तर निळ्या बाजूला परत जा.

तर निम्म्यांना जातो, निम्म्यांना नाही, मग सात महिने सगळ्यांना पोसायचं का? इथे तुरा कामाला येतो. निळ्याचा जीन आणि तो बसका शेंगतुरा हे दोन्ही एकाच गुणसूत्रावर एकमेकांना चिकटून बसलेत, शंभरात तीन-चार वेळाच सुटे होतात. म्हणून अमेरॉकाना आणि मारान्सच्या ऑलिव्ह पोरीवर परत मारान्स कोंबडा घातला की त्या पिल्लांत ज्यांचा तुरा बसका, रुंद दिसतो त्यांच्याकडे बहुतेक निळा आलेला असतो, आणि ज्यांचा सरळ एकेरी करवतीसारखा त्यांच्याकडे बहुतेक नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोटाने चाचपून सुद्धा कळतं. पण क्रीम लेगबारच्या बाबतीत हे चालवू नका, ती इंग्लिश जात, केंब्रिजला तयार झालेली, तिचं अंडं निळं पण तुरा एकेरी, मारान्सचापण एकेरी, तिथे तुऱ्यावरून काहीच कळणार नाही. तिचा फायदा दुसरा, शुद्ध लेगबारची पिल्लं बाहेर येतात तेव्हाच नर-मादी ओळखू येतात, मादीच्या पाठीवर खारीसारखे ठळक पट्टे आणि नर फिका, डोक्यावर पांढुरका ठिपका. कानाच्या पाळीवरून अंड्याचा रंग सांगतात ते निळ्याला लागू नाही. आणि अराउकाना, ती कानाजवळ झुपके असलेली बिनशेपटीची, सुरुवातीला घेऊ नका, झुपक्याचा जीन दोन्हीकडून आला की पिल्लू अंड्यातच मरतं, झुपकेवाला नर झुपकेवाली मादी लावली की साधारण पाव अंडी अशीच जातात.

कोंबडा बदललात तर लगेच अंडी उबवायला घेऊ नका. जुन्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, मी चार आठवडे थांबते. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या, त्यापेक्षा कमी असल्या तर बिचाऱ्यांच्या पाठीवरची पिसं जातात. अंडी फळतायत का बघायला दोन-तीन फोडून वाटीत घ्या, पिवळ्या बलकावरचा पांढरा ठिपका नुसता ठिपका असेल तर गार अंडं, त्याच्याभोवती चक्रासारखं कडं असेल तर फळलेलं. ऑम्लेट दोन्हीचं होतं.

अंडी गोळा करताना सात दिवसांपेक्षा जुनी घेऊ नका. टोकाची बाजू खाली, थंड खोलीत पण फ्रिजमध्ये नाही, १३ ते १८ सेल्सिअस असेल तर उत्तम, आमचं तळघर तेवढं असतं. धुवायची नाहीत. कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, धुतलं की तो जातो आणि बॅक्टेरियांना दार उघडं. शेणकट असेल ते अंडं घेऊच नका, कितीही सुंदर निळं असलं तरी. गडद मारान्स पाहिजेत तर सर्वांत गडद अंडी उबवायची हे खरं, पण एकाच सीझनची एकमेकांशी तुलना करा, कारण नवीन अंड्यावर आलेली कोंबडी सुरुवातीला गडद घालते आणि सहा-आठ महिन्यांनी तिचीच अंडी फिकी पडतात. मारान्सवाल्यांचा १ ते ९ असा रंगांचा तक्ता असतो, ४ च्या खालचं ते मारान्स धरत नाहीत. पोस्टाने मागवलेली अंडी आली की एक दिवस टोक खाली करून नुसती बसू द्या, प्रवासात आतली हवेची पिशवी हललेली असते.

आता मशीन. इन्क्युबेटर स्वस्तातला घ्या महागातला घ्या, त्याच्या स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. फॅन असलेल्या मशीनला ९९.५ फॅरनहाइट म्हणजे ३७.५ सेल्सिअस पाहिजे, बिनफॅनच्या मशीनला अंड्याच्या वरच्या पातळीवर १०१-१०२ फॅरनहाइट. माझं पहिलं मशीन दीड डिग्री खोटं बोलत होतं, पिल्लं तेविसाव्या दिवशी निघाली, ती पण मरगळलेली. आता मी घरातला ताप मोजायचा थर्मामीटर आत ठेवून पडताळते, त्याच्यासारखा खरा आकडा घरात दुसरा नसतो. आर्द्रता मोजायचा हायग्रोमीटर तपासायचा तर एका झाकणात मीठ घेऊन पाण्याने ओलं करा, विरघळवायचं नाही, नुसतं चिखलासारखं, आणि हायग्रोमीटरसकट झिपवाल्या पिशवीत आठ-दहा तास बंद करा, ७५ टक्के दाखवायला पाहिजे, जेवढा फरक तेवढा लक्षात ठेवायचा. मशीन एक दिवस आधी चालू करून स्थिर होऊ द्या, मग अंडी.

पहिले १८ दिवस आर्द्रता ४५-५० टक्के. पाणी किती खोल भरलं ह्याने फरक पडत नाही, पाण्याचा पसरटपणा वाढवला तर आर्द्रता वाढते, म्हणून दोन खोबण्या असतील तर आधी एकच भरा. २१ दिवसांचा हिशोब करताना ठेवला तो दिवस शून्य, शनिवारी संध्याकाळी ठेवलीत तर तिसऱ्या शनिवारी पिल्लं, मी मुद्दाम शनिवारच धरते कारण सोमवारी निघाली तर ऑफिसात लक्ष लागत नाही. अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवायची, विषम आकडा अशासाठी की रात्रीचा मोठा वेळ रोज एकाच कुशीवर जायला नको. एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल, आणि कुठल्या कोंबडीचं ते अक्षर. मार्कर नको, शाई कवचातून आत जाते. वीज गेली तर घाबरू नका, झाकण न उघडता वर चादरी टाका, दोन-चार तासांनी सहसा काही होत नाही, अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडीसुद्धा रोज उठून फिरून येते की.

सातव्या दिवशी अंधाऱ्या बाथरूममध्ये टॉर्चवर अंडं धरून बघायचं. फिक्या निळ्या अंड्यात सगळं स्वच्छ दिसतं, मध्ये काळा ठिपका आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, नीट बघितलं तर ठिपका हलतो सुद्धा, माझ्या मुलीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती पाच मिनिटं काहीच बोलली नाही, जे आमच्याकडे कधी होत नाही. शिरा नसून नुसतं लाल कडं दिसलं तर ते मेलं, काढून टाका. पिवळं स्वच्छ असेल तर गार. पण गडद मारान्स आणि ऑलिव्हमध्ये सातव्या दिवशी काही म्हणजे काही दिसत नाही, तिथे चौदाव्या दिवशी फक्त रुंद बाजूची हवेची पिशवी बघा, तिच्याखाली सगळं काळं भरलं असेल तर पिल्लू आहे. शंका असेल तर ठेवा, फक्त वास येणारं किंवा घाम फुटल्यासारखं ओलसर अंडं ताबडतोब बाहेर, ते आत फुटलं तर मशीनपण गेलं आणि बाकीची अंडीपण. वजन करायची हौस असेल तर १८ दिवसांत अंडं साधारण १२-१३ टक्के हलकं व्हायला पाहिजे. कमी हलकं झालं तर आर्द्रता जास्त होतेय, पाणी कमी करा. गडद अंड्यांना हाच उपाय सगळ्यात भरवशाचा, कारण वजनकाट्याला रंग आड येत नाही.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता ६५-७० वर, झाकण बंद. आणि बंद म्हणजे बंद.

हे मी का सांगतेय तर माझ्या दुसऱ्या खेपेला विसाव्या दिवशी संध्याकाळी एक पिल्लू बाहेर आलं, आणि शेजारच्या ऑलिव्ह अंड्याला सकाळीच छोटं भोक पडलं होतं, त्यातून चोचीचं टोक दिसत होतं, आणि सात-आठ तास झाले तरी पुढे काहीच नाही. आतून बारीक चिवचिव ऐकू येते हो, राहवत नाही. मी झाकण उघडलं, चिमट्याने भोकाकडेचा कवचाचा तुकडा उचलला, खालचा पापुद्रा थोडा सोलला आणि रक्त आलं. म्हणजे शिरा अजून चालू होत्या, पिल्लू अडकलं नव्हतं, विश्रांती घेत होतं, पोटातला बलक आत ओढून घेत होतं, त्याला अजून दहा-बारा तास पाहिजे होते. ते गेलं. त्याहून वाईट म्हणजे त्या चार-पाच मिनिटांत आतली सगळी वाफ बाहेर गेली आणि ज्या बाकीच्या अंड्यांना भोकं पडली होती त्यांचे पापुद्रे सुकून कागदासारखे ताणले, पिल्लाला आत वळताच येईना. चौदातली सहा निघाली. आईला चिपळूणला व्हिडिओ कॉल केला तर तिने आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "अगं, कोंबडीला चिमटा असतो का?"

तर पहिलं भोक पडल्यापासून २४ तास सोडून द्यायचे. मग कवचाभोवती झिप उघडल्यासारखी रेघ जाते आणि पिल्लू पायाने ढकलून बाहेर. निघालेली पिल्लं मशीनमध्येच सुकू द्या, पोटात बलक असतो, दोन दिवस दाणापाणी नसलं तरी चालतं, लगेच काढायची घाई नको.

ह्यातलं काहीच करायचं नसेल तर खुडूक बसवा, मला विचाराल तर मशीनपेक्षा तीच बरी. घरट्यातून उठत नाही, हात नेला की अंग फुगवून कुर्र करते, छातीची पिसं उपटते, रात्रीपण तिथेच, अशी दोन-तीन दिवस राहिली की खुडूक नक्की. आधी दोन दिवस गोल्फचे चेंडू देऊन बघा, टिकली तर रात्रीच्या अंधारात चेंडू काढून अंडी सरकवा. सिल्की आणि ऑर्पिंग्टन छान बसतात, पण सिल्की चणीने लहान, तिला पाच-सहाच अंडी, मोठ्या कोंबडीला दहा-अकरा. आई नेहमी विषमच ठेवायची, नऊ किंवा अकरा, पाटीत पेंढा, पेंढ्याखाली राख कारण राखेने उवा कमी होतात, आणि कोपऱ्यात एक कोळसा आणि लोखंडी खिळा, गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. कोळसा-खिळ्याचं काय ते मला माहीत नाही पण राख मी अजून वापरते. सगळ्या अंड्यांवर एकच तारीख घाला, कारण बाकीच्या कोंबड्या तिच्याखाली येऊन नवीन अंडी घालून जातात आणि मग एकविसाव्या दिवशी निम्मी पिल्लं आणि निम्मी कच्ची असा घोटाळा होतो, रोज संध्याकाळी ती उठली की बिनतारखेची काढून घ्या. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, दाणापाणी घेते, आणि एक असा काही घाण वासाचा ढीग टाकते की कळतंच, खुडूक उठली होती.

मशीनची पिल्लं असतील तर पहिल्या आठवड्यात ३५ सेल्सिअसची ऊब, मग दर आठवड्याला साधारण तीन डिग्री कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा, दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिव करत असतील तर गार वाटतंय, भिंतीला पंख पसरून पडली असतील तर उकडतंय. लाल दिवा भुश्यात पडून आगी लागतात, शक्य असेल तर गरम प्लेट घ्या. खाली नुसता वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद नको, पाय फाकून अधू होतात. पाण्याच्या भांड्यात गोट्या टाका नाहीतर बुडून मरतात, खरंच. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून द्या. बूड चिकटलं असेल तर कोमट पाण्याच्या कापसाने पुसा, ओढू नका. खायला चिक स्टार्टर, मोठ्या कोंबड्यांचं लेयर फीड अजिबात नाही, त्यातल्या कॅल्शियमने लहान पिल्लांच्या किडन्या जातात. पोरं पिल्लांचे पापे घेतात त्यांना आवरा आणि हात धुवायला लावा, इथली सरकारी आरोग्य संस्था सीडीसी दरवर्षी साल्मोनेलाबद्दल ओरडत असते ते उगाच नाही.

निम्मी पिल्लं नर निघणार हे अंडी ठेवायच्या आधी ठरवून टाका, नंतर नाही. "कोणीतरी घेईल" म्हणतात, कोणी घेत नाही, सगळ्यांकडे आधीच दोन जास्तीचे असतात. आमच्याकडे सोळाव्या-सतराव्या आठवड्यात कोंबडी-वडे होतात आणि ज्याला चालत नाही त्याने त्या दिवशी आमटी खावी, पण दुसरा मार्ग शोधणार असाल तर तो आधी शोधा.

भारतातले मित्र विचारतात की आम्हाला हे जमेल का. अंडी उबवण्याचं सगळं तसंच आहे, उलट तुमच्याकडे गावठी खुडूक फुकट आहे. रंगाचं म्हणाल तर गावठी, गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया ह्या सगळ्यांची अंडी फिक्या क्रीमपासून तपकिरीपर्यंत, म्हणजे गेरू आहे पण निळी भिंत नाही, आणि निळ्याचा जीन जिथे मुळात नाही तिथे कितीही निवड केली तरी तो येणार नाही. कडकनाथचं मांस काळं, हाडं काळी, झाबुआच्या त्या मांसाला २०१८ मध्ये जीआय टॅगपण मिळाला, पण अंडं काळं नसतं, फिकट क्रीम-तपकिरीच असतं, काळ्या अंड्यांचे व्हॉट्सॲपवरचे फोटो पुढे पाठवू नका. गिरिराज-वनराजची अंडी उबवलीत तर पुढची पिढी आईबापासारखी निघेलच असं नाही, त्या संकरित आहेत. आणि मानमोडीची लस चुकवू नका, लासोटा पहिल्या आठवड्यातच, एकदा रोग शिरला की अख्खं खुराडं चार दिवसांत रिकामं होतं.

शेवटचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे वही. पिल्लू सुकलं की लगेच पायात रंगीत झिप टाय, निळा म्हणजे ह्या कोंबडीचं, पिवळा त्या कोंबडीचं, हिरवा तिसरीचं. तो दर आठवड्याला सैल करावा लागतो, पाय झपाट्याने जाड होतो, एकदा मी दोन आठवडे विसरले तर टाय मांसात रुतला होता. वहीत कोण कोणाचं, कधी निघालं, पहिलं अंडं कधी, रंग कोणता. कोंबड्याची परीक्षा फक्त ह्या वहीतूनच होते. तपकिरी अंड्यांच्या कोंबड्यांपासून झालेल्या त्याच्या पाच पोरी अंड्यावर आल्या आणि पाचही हिरवं घालतायत, तर त्याच्याकडे एकच प्रत असून नुसत्या नशिबाने असं होण्याची शक्यता ३२ मध्ये १ उरते, म्हणजे बहुतेक दोन प्रतीवाला आहे, ठेवा. एक जरी शुद्ध तपकिरी निघाली तर विषय संपला, एकच प्रत. इथे काही लॅब पिसावरून डीएनए टेस्ट करून देतात, सात महिने थांबायचं नसेल तर तो मार्ग आहे.

मी थांबले. बाजीरावानंतर जो आणला त्याच्या आईचं आणि दोन बहिणींचं अंडं बघून आणला, तरी वही ठेवलीय. हिरव्या टायच्या पाच तलंगा आहेत, चौघींनी अंडी दिली, चारही ऑलिव्ह. पाचवी गेले नऊ दिवस रोज सकाळी घरट्यात जाऊन तासभर बसते, मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत बाहेर येते, आणि मी जाऊन बघते तर आत गोल्फचा चेंडू.